जागेची वेळ

वेरूळचा डोंगर पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. चौतीसही लेणी त्या एकाच कड्यात, उत्तर-दक्षिण ओळीनं कोरलेली. त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराच्या पाठीमागे असतो आणि कैलास लेण्याचं प्रांगण सावलीत असतं. छत्रपती संभाजीनगरहून पहिल्या गाडीनं आलेले हौशी फोटोग्राफर कॅमेरा काढतात, वर निळं आकाश आणि खाली काळपट दगड पाहतात आणि हिरमुसतात. आकाशाला सांभाळावं तर शिल्पं काळी पडतात, शिल्पं उजळावीत तर आकाश पांढरं फटक होतं. दुपार कलल्यावर तीच जागा पाहावी. पुढच्या भिंतीवरून ऊन हळूहळू आत येतं, आधी शिखराचा कळसाकडचा भाग उजळतो, मग सभामंडपाचं छत, मग हत्तींच्या पाठी. कोरीव दगडाची प्रत्येक कड आपली सावली घेऊन उभी राहते.

पण मला सकाळचा कैलासही तितकाच आवडतो, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही म्हणून आधी तेच सांगते. सावलीतल्या त्या प्रांगणात थेट ऊन नसतं, तरी प्रकाश असतो. तो आकाशातून येतो, बाजूच्या उंच कातळावर आपटून परततो, जमिनीवरून पुन्हा वर जातो. असा चहूबाजूंनी आलेला मऊ प्रकाश खोल कोरलेल्या चेहऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचतो. दुपारच्या कडक उन्हात त्याच डोळ्यांच्या जागी नुसती काळी खाच दिसते. रावणानं कैलास हलवण्याचा तो प्रसिद्ध शिल्पपट मी सकाळच्या सावलीतच नीट पाहिला. त्यासाठी आकाश चौकटीबाहेर ठेवावं लागतं, एवढंच. रुंद दृश्याचा मोह सोडून जवळ जावं लागतं.

आणि एकदा तरी वर जावं. लेण्याच्या बाजूनं डोंगरावर चढलं की कैलास वरून दिसतो. पर्यटकांना तिथला फोटो आवडतो कारण तिथून सगळं एका नजरेत मावतं. मला त्या जागेचं महत्त्व वेगळ्या कारणानं वाटतं. हे मंदिर बांधलेलं नाही, आठव्या शतकात राष्ट्रकूट कृष्ण पहिला याच्या काळात डोंगर खोदून ते मोकळं केलं, आणि खोदकाम वरून खाली झालं. म्हणजे शिखर आधी, पायथा शेवटी. पहिली छिन्नी ज्यानं मारली तो माणूस मंदिराच्या दारात उभा नव्हता, तो वर उभा होता, पायांखाली नुसता सपाट खडक होता आणि पुढची तीस मीटर खोली त्याला मनात दिसत होती. वरून काढलेल्या फोटोत आपण त्या माणसाच्या जवळपास उभे असतो. जगातल्या फार थोड्या वास्तूंच्या बाबतीत असं म्हणता येईल. देवळाचा फोटो समोरून, दारातून काढायचा असतो ही आपली सवय, पण या देवळाला आधी माथ्यावरूनच पाहिलं गेलं होतं.

फोटोग्राफीत रमलेल्या लोकांमध्ये 'लाइट मिळाला' किंवा 'लाइट मिळाला नाही' असं म्हणण्याची पद्धत आहे. मीही बोलताना तेच म्हणते. पण महाराष्ट्रातल्या या जागा पुन्हापुन्हा पाहिल्यावर माझं मत पक्कं होत गेलंय की वाईट प्रकाश असा नसतोच. प्रत्येक जागेचं उन्हाशी काहीतरी ठरलेलं असतं. डोंगर कोणत्या दिशेला वळलाय, दगड कोणत्या रंगाचा आहे, दरी किती खोल आहे, पाऊस कुठून येतो, यावरून ते ठरतं. ते समजून घ्यायला वेळ दिला नाही, तर आपण दुसऱ्यानं काढलेलाच फोटो परत काढून घरी येतो.

अजिंठ्यात तर उन्हाचा प्रश्नच निकालात निघतो. वाघोरा नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणात लेणी आहेत आणि चित्रं आत, अंधारात. फ्लॅशला बंदी आहे आणि ती असायलाच हवी. बाहेरच्या लख्ख उन्हातून पहिल्या लेण्यात शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर गर्दी येते, मोबाइल वर होतात, अंधुक, हललेले फोटो निघतात आणि गर्दी पुढच्या लेण्याकडे सरकते. डोळ्यांना अंधार सरावायला काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ भिंतीपाशी नुसतं उभं राहिलं, तर रंग एकेक करून वर येऊ लागतात. आधी फिकट भाग, मग गेरूचे तांबडे, मग हिरवे, आणि शेवटी, फार उशिरा, ती खाली वळलेली नजर आणि हातातलं कमळ.

कॅमेऱ्याचं गणित इथे उलटं आहे. आजचे सेन्सर अंधारात माणसाच्या डोळ्यापेक्षा जास्त रंग टिपतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता वाढवली, लेन्स पूर्ण उघडली, श्वास रोखून खांब धरून उभं राहिलं, तर पडद्यावर भिंत झगझगीत दिसते. तांत्रिकदृष्ट्या फोटो उत्तम. पण तिथे उभं राहून कुणीच ती भिंत अशी पाहिलेली नसते. मी माझे अजिंठ्याचे फोटो नंतर मुद्दाम थोडे गडद ठेवते. पाहणाऱ्यानं थोडं थांबावं, शोधावं, असं मला वाटतं. चित्राच्या अभ्यासासाठी, जतनासाठी काढलेले फोटो स्वच्छ उजळच हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण लेणं पाहण्याचा अनुभव म्हणून जो फोटो मी दाखवणार, त्यात अंधार हवाच.

अजिंठ्याच्या प्रतिमांचा इतिहास मला फार जवळचा वाटतो. 28 एप्रिल 1819 ला शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ही लेणी दिसली आणि त्यानं दहाव्या लेण्यात आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. ते नाव आज माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा लेण्यात दगडमातीचा मोठा ढीग साचलेला होता आणि तो त्यावर उभा होता. त्यानं चित्राची नासधूस केली, यात शंका नाही. तरी त्या नासधुशीतून आपल्याला तेव्हाचा ढीग किती उंच होता ते कळतं. पुढे 1844 मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षं तो तिथे रंगवत राहिला. त्या मोठमोठ्या तैलचित्रांपैकी बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये 1866 साली लागलेल्या आगीत जळाली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनमध्येच आगीत गेल्या. आणि अंधार, ओल, माणसांचे हात, जुनी रोगणं हे सगळं सोसून मूळ भिंती आहेत त्या जागी उभ्या आहेत.

गिलनं कॅमेराही हाती घेतला होता. त्यानं काढलेले लेण्यांचे फोटो 1864 साली जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह पुस्तकरूपात आले. त्या काळात काच ओली असतानाच फोटो घ्यावा लागे. कलोडियन या चिकट द्रावणाचा थर काचेवर ओतायचा, चांदीच्या द्रावणात बुडवायचा, ओला असतानाच कॅमेऱ्यात घालायचा आणि वाळण्याच्या आत, दहा-पंधरा मिनिटांत, अंधाऱ्या तंबूत जाऊन डेव्हलप करायचा. म्हणजे जिथे कॅमेरा तिथे तंबू, रसायनं, पाणी, आणि हे सगळं वाहणारी माणसं. मराठवाड्या-खानदेशच्या उन्हात काच किती लवकर वाळत असेल याचा विचार केला, तरी त्या प्रत्येक फोटोपुढे थांबावंसं वाटतं.

एकोणिसाव्या शतकातले लेण्यांचे, देवळांचे जुने फोटो पाहताना मी आता खांब-कमानींकडे आधी पाहत नाही. कोपऱ्यात बसलेल्या माणसाकडे पाहते. वास्तूची उंची कळावी म्हणून तेव्हा फोटोत माणूस उभा करायची किंवा बसवायची पद्धत होती. एखादा रखवालदार, एखादा हमाल, एखादा गावकरी. एक्स्पोजर लांबलचक, म्हणून त्याला स्थिर बसायला सांगितलेलं. मोजपट्टी म्हणून तो बसला, त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही. खांबाचं माप आज आपल्याला शेकडो ठिकाणी मिळतं. त्याचं पागोटं, त्याच्या धोतराची नेसण, त्याच्या चेहऱ्यावरचा कंटाळा किंवा कुतूहल, हे मात्र त्याच एका फोटोत आहे. फोटो काढणाऱ्याला जे गौण वाटलं, तेच आज अमोल ठरलंय.

म्हणून प्रसिद्ध ठिकाणांचे 'स्वच्छ' फोटो पाहिले की मला आतून वाईट वाटतं. गेटवे ऑफ इंडियाचं उदाहरण घेऊ. तिथला आदर्श फोटो म्हणजे पहाटेचा, एकही माणूस नसलेला. दिवसा गेलात तर ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवून थोड्याथोड्या वेळानं बरेच फोटो घ्यायचे आणि सॉफ्टवेअरला सांगायचं, जे हलतं ते काढून टाक. माणसं हलतात, म्हणून ती जातात. कबुतरं जातात. शेंगदाणे विकणारा जातो. उरतो जॉर्ज विटेटनं आखलेला, 1924 मध्ये पूर्ण झालेला, पिवळसर बेसाल्टचा 26 मीटर उंच दरवाजा, अगदी आराखड्यात होता तसा. पण दरवाजा म्हणजे माणसांनी येण्या-जाण्याची जागा. बोटींचे धक्के, एलिफंटाला निघालेल्या सहली, गावाकडून पहिल्यांदा मुंबई बघायला आलेलं कुटुंब, हे सगळं वजा केल्यावर जे उरतं ते मला गेटवेचं चित्र वाटत नाही.

तिथे गळ्यात कॅमेरा अडकवून, हातात नमुन्याचे फोटो घेऊन फिरणारे फोटोग्राफर असतात. काही क्षणांत छापील फोटो हातात देतात. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आल्यापासून त्यांचं काम फार कमी झालंय, तरी ते आहेत. त्यांच्यातल्या एका काकांचं काम मी बराच वेळ पाहत उभी होते. एक लहान मुलगी, तिचे आई-वडील आणि पाठीमागे ती प्रचंड कमान, हे सगळं उभ्या चौकटीत बसवायचं होतं. काका गुडघ्यावर बसले, मग आणखी खाली वाकले, मुलीला दोन पावलं पुढे बोलावलं, आईला म्हणाले, "ताई, पदर जरा इकडं घ्या, वारं तिकडून येतंय." आणि फोटो झाला. मुलगी मोठी दिसत होती, कमान पूर्ण आली होती.

मी विचारलं, "काका, सकाळी इकडून काढलं तर मागून ऊन येतं ना?"

"येतं की," ते म्हणाले. "दरवाज्याचं तोंड समुद्राकडं. सकाळी ऊन तिकडून. मग माणसाला सावलीत घ्यायचं आणि दरवाजा मागं उजळ ठेवायचा नाही, थोडा काळाच पडू द्यायचा. चेहरा दिसला पाहिजे. दरवाजा काय, तो उद्यापण आहे."

एवढी स्पष्ट दृष्टी मला भल्याभल्या प्रदर्शनांत दिसलेली नाही. त्यांच्या फोटोत वास्तू पार्श्वभूमीला जाते, पण तिची खरी नोंद तिथेच होते. देशभरच्या घरांत, कपाटावर, देव्हाऱ्याशेजारी, पत्र्याच्या पेटीत असे फोटो आहेत. गेटवे लोकांच्या आयुष्यात कसा होता, हे पुढे कुणाला अभ्यासायचं झालं तर त्यांना हेच फोटो गोळा करावे लागतील.

लोणारला मात्र माणूस नसेल तर फोटोच फसतो, आणि ते वेगळ्या कारणानं. सुमारे 1.8 किलोमीटर व्यास आणि दीडशे मीटरच्या आसपास खोली असलेलं हे विवर उल्काघातानं झालंय. बेसाल्टमध्ये असं विवर जगात फारच थोड्या ठिकाणी आहे. काठावर उभं राहिलं की छाती दडपते. आणि मग वाइड लेन्स लावून, ते सगळं वर्तुळ चौकटीत बसवून फोटो काढला, की पडद्यावर एक तळं दिसतं. गावाबाहेर कुठेही असावं असं. वाइड लेन्स दूरचं आणखी दूर लोटते. पलीकडचा काठ बारीक रेघ होतो, उतारावरचं जंगल झुडपासारखं दिसतं, खोली कुठल्याकुठे जाते. इथे उलट करावं लागतं. लांब पल्ल्याची लेन्स घेऊन काठावरून खाली पाण्यालगतचं कमळजादेवीचं देऊळ शोधायचं, त्याच्याभोवतीची झाडी, मागे वर चढत जाणारा उतार, आणि वाटेवरून चालणारं एखादं माणूस. ते माणूस ठिपक्याएवढं दिसलं की मग पाहणाऱ्याला दीडशे मीटर म्हणजे काय ते कळतं. सगळं वर्तुळ दाखवण्याचा हट्ट सोडल्याशिवाय लोणारचा आकार दाखवता येत नाही.

2020 च्या जून महिन्यात लोणारचं पाणी गुलाबी झालं. फोटो सगळीकडे फिरले. मला ओळखीच्या लोकांनी पाठवले, आणि जवळजवळ प्रत्येकाचा प्रश्न एकच होता: हे खरं आहे का, की रंग भरलाय? पाणी खरोखरच गुलाबी होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं नमुने तपासले, तेव्हा खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे तसं झाल्याचं आढळलं. पाणी आटून क्षार वाढले, की त्यांची वाढ जोरात होते. पावसाचं पाणी मिसळलं की रंग ओसरतो. त्याच वर्षी लोणारला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जाही मिळाला.

मला तो प्रश्न अजून टोचतो. निसर्गात इतकी मोठी गोष्ट घडते आणि पाहणाऱ्याच्या मनात पहिली शंका फोटोग्राफरबद्दल येते. ही शंका आपणच पेरलेली आहे. प्रत्येक सूर्यास्त केशरी, प्रत्येक गवत पोपटी, प्रत्येक समुद्र निळाशार करून आपण इतकी वर्षं दाखवत आलो, की खरोखर गुलाबी पाणी दाखवायची वेळ आली तेव्हा आपल्या शब्दाला वजन उरलं नव्हतं. रंग सुधारणं म्हणजे खोटेपणा, असं मी म्हणत नाही. कॅमेरा स्वतःच रंगांचा अंदाज बांधतो आणि तो अनेकदा चुकतो, व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, दुरुस्त करावाच लागतो. पण डोळ्यांनी जे पाहिलं त्याच्याकडे फोटो नेणं वेगळं आणि जे कुणीच पाहिलं नाही त्याच्याकडे नेणं वेगळं.

काजव्यांच्या बाबतीत ही रेषा फार पुसट होते. मे महिन्याचा शेवट ते पावसाची सुरुवात, भंडारदरा-पुरुषवाडीच्या बाजूला हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे चमकतात. एकेक झाड एका तालात उजळतं आणि विझतं. जो पाहतो तो तोंड उघडं टाकून पाहत राहतो. त्याचे जे फोटो गाजतात, त्यांत मात्र अख्खं जंगल हजारो पिवळ्या ठिपक्यांनी भरलेलं असतं. ते एका क्षणाचं चित्र नसतं. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून वीस-तीस सेकंदांची कितीतरी एक्स्पोजर्स घेतात आणि नंतर एकावर एक चढवतात. तास-दीड तासाचा उजेड एका चौकटीत साठतो. तंत्र म्हणून ते सुंदर आहे, मीही वापरते. फक्त खाली तसं लिहायला हवं. नाही लिहिलं, तर मुलाबाळांना घेऊन शहरातून आलेला माणूस अंधारात उभा राहून म्हणतो, "एवढेच?" आणि मग जास्त दिसावेत म्हणून टॉर्च मारतो, गाडीचे दिवे लावतो. काजव्यांचं चमकणं हे जोडीदाराला बोलावणं असतं. त्या हाकेवर आपला उजेड पडला की ती ऐकूच जात नाही. खोट्या अपेक्षेपोटी लावलेला प्रत्येक दिवा त्या झाडावरची पुढची पिढी कमी करतो.

कास पठारावरही हेच, पण तिथे नुकसान पायानं होतं. जांभ्या दगडावर मातीचा पातळ थर, त्यात घोट्याएवढी झाडं: तेरडा, सीतेची आसवं, कीटक खाणारा दवबिंदू. 2012 साली पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत कासचा समावेश झाला आणि गर्दी वाढली. फुलांच्या पातळीला कॅमेरा आणण्यासाठी पोटावर आडवं होणारे फोटोग्राफर मी पाहिलेत. एका फुलाच्या फोटोखाली शंभर रोपं चिरडलेली असतात. वाटेवर बसून, लांबच्या लेन्सनं, जे काठाला आलंय तेच टिपावं. काठावरही पुष्कळ असतं.

आता एका अशा दृश्याबद्दल सांगते, जिथे फोटोग्राफरच्या हातात काहीच नसतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर इंद्रवज्र दिसतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं ते पाहिल्याची नोंद आहे. सूर्य पाठीशी हवा, समोर दरीत धुकं हवं, आणि आपली सावली त्या धुक्यावर पडायला हवी. मग सावलीच्या डोक्याभोवती रंगांची वर्तुळं उमटतात. कोकणातून वर चढणारे ढग, कड्याची अंतर्वक्र भिंत आणि दरीचा खोल पोकळ भाग यांमुळे ही भेट तिथे घडू शकते. घडेलच असं नाही. मला ते दिसलं तेव्हा पावसाळा सरत आला होता आणि धुकं एकदाच नीट दाटलं.

त्या दिवशी शेजारी उभी असलेली मैत्रीण ओरडली, "माझ्या डोक्याभोवती आहे बघ!" मी म्हटलं, "नाही गं, माझ्या." दोघीही खरं बोलत होतो. इंद्रवज्राचं वर्तुळ पाहणाऱ्याच्या डोळ्यातून ठरतं. शेजारी दोन माणसं उभी असतील, तर प्रत्येकाला दोघांच्याही सावल्या दिसतात, पण वलय फक्त स्वतःच्या डोक्याभोवती. आणि कॅमेऱ्यानं फोटो काढला तर वलयाच्या मध्यभागी कॅमेराच येतो. डोळ्यापासून थोडा लांब धरला तर वर्तुळाचा मध्य तिकडे सरकतो. ते दोघींचे फोटो शेजारी ठेवले, तर एकाच कड्यावरची, एकाच मिनिटाची दोन वेगळी चित्रं दिसतात. तिच्या फोटोत मी वलयाबाहेरची एक साधी सावली आहे, माझ्या फोटोत ती. दोन्ही फोटो आम्ही जपून ठेवलेत, एकाशिवाय दुसरा अपुरा वाटतो.

2025 च्या जुलैमध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, साल्हेर यांच्यासह महाराष्ट्रातले अकरा आणि तमिळनाडूतला जिंजी असे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. आनंदाची गोष्ट आहे. आता त्यांचे हजारो फोटो निघतील, आणि निघावेतच. पण बारा गडांच्या पलीकडे जे उरतं त्याचं काय, हा विचार मला सोडत नाही. गावाची अर्धी पडलेली वेस, शेंदराखाली चेहरा हरवलेला वीरगळ, कचऱ्यानं भरलेली बारव. त्यांचे फोटो कुणी काढत नाही, कारण ते चांगले 'येत' नाहीत. मी हल्ली तिकडे जास्त वळते. प्रत्येक फोटोसोबत तारीख, वेळ, कॅमेऱ्याचं तोंड कोणत्या दिशेला होतं आणि कुठे उभी होते, एवढं लिहून ठेवते. पुढे कुणाला त्याच जागी उभं राहून फरक पाहायचा असेल, तर त्याला हे लागेल. विजेची तार, पत्र्याची शेड, प्रचाराचा फलक, वाळत घातलेली साडी, यातलं काही मी काढून टाकत नाही.

साताऱ्याजवळ लिंब गावात थोरल्या शाहू महाराजांच्या काळातली बारा मोटांची विहीर आहे. अष्टकोनी, खोल, आत दालनं आणि जिने असलेली, एका वेळी बारा मोटा चालाव्यात इतकी ऐसपैस. तिचे फोटो पुष्कळ निघालेत, कमानींचे, जिन्याचे, वरून पाहिलेल्या आकाराचे. पाण्यापर्यंत ऊन पोचलेला फोटो मात्र माझ्या पाहण्यात नाही. इतक्या खोल विहिरीत सगळ्या तळावर थेट ऊन पडायचं तर सूर्य नेमका डोक्यावर हवा. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असलेल्या आपल्या गावांवर तो वर्षातून दोनदा तसा येतो, शून्य सावलीच्या दिवशी. साताऱ्याच्या अक्षांशाला त्यातला एक मे महिन्यात पडतो, दुसरा पावसाळ्यातल्या ढगांत हरवतो. फोटोग्राफीच्या प्रत्येक वर्गात शिकवतात, भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. या विहिरीला दुसरी वेळच नाही. येत्या मे महिन्यात त्या दिवशी मी साडेअकरापासून तिथे असेन. लांब दोरी, डोक्याला टोपी, पाण्याच्या बाटल्या आणि पाण्यावरची चकाकी कमी व्हावी म्हणून पोलरायझर फिल्टर सोबत असेल. विहिरीची देखरेख करणाऱ्या गावकऱ्यांशी आधी बोलून घ्यायचंय, आणि त्यांच्यापैकी कुणाची हरकत नसेल तर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसायला सांगायचंय. या वेळी नावासकट.